नाबोथाचं वतन आणि माझं मत

२०२४ च्या मे महिन्यातली गोष्ट. मुंबईत लोकसभेचं मतदान आठवड्यावर आलं होतं आणि आमच्या गावठाणातल्या क्रुसाजवळ रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, चालू होती. मे महिना आमच्याकडे क्रुसांचा. दगडी क्रुसाला झेंडूच्या माळा घालायच्या, पायथ्याशी मेणबत्त्या लावायच्या, म्हाताऱ्यांसाठी घराघरांतून प्लास्टिकच्या खुर्च्या आणायच्या, पोरांना चटईवर बसवायचं, आणि प्रार्थना संपली की कागदाच्या पुडीत उकडलेले चणे वाटायचे. मुंबईत १८९६ साली प्लेग आला तेव्हा गावोगावी असे क्रूस उभे राहिले. आमचाही त्यातलाच. चौथऱ्यावरचं साल आता बोट फिरवलं तरच कळतं.

त्या संध्याकाळी प्रार्थना संपता संपता दोन मोटारसायकली थांबल्या. एका पक्षाचे तीन कार्यकर्ते. त्यांतल्या मोठ्याने चपला काढल्या, मेणबत्ती लावली, हात जोडले. अदब होती माणसाला. चण्याची पुडी घेतली आणि चौथऱ्याकडे बघत शेजारच्या मावशींना म्हणाला, "मावशी, इथे ग्रॅनाइट लावून देऊ आपण. वर पत्र्याची शेड. साहेबांनी सांगितलंय, ख्रिश्चन बांधवांचं काम अडता कामा नये." मग निघताना, अगदी सहज, "तुम्ही लोक या वेळी कोणाला देणार, ठरलं का?"

ग्रॅनाइटचं मला फार वाटलं नाही. निवडणुकीत कोणी लाद्या देतं, कोणी साड्या. "तुम्ही लोक" मात्र त्या रात्री डोक्यातून जाईना. माझ्या जन्माआधीपासून आमचं कुटुंब साष्टीत, म्हणजे आजच्या मुंबई उपनगरांच्या बेटावर, आहे, घरात मराठी बोलतो, चर्चला आमच्या बोलीत देऊळच म्हणतो. तरी निवडणूक आली की आम्ही "तुम्ही लोक" होतो. एकाला आमची मतं गठ्ठ्याने हवी असतात, दुसऱ्याला तोच गठ्ठा संशयास्पद वाटतो. आणि दुःख याचं की आमच्यातल्याही पुष्कळांना हा गठ्ठा मान्य आहे. रोझरीनंतर तिथेच चर्चा सुरू झाली: आपल्याला कोण बरा? आपल्या शाळांना कोण हात लावणार नाही? आपल्या गावठाणाला जास्त एफएसआय (जास्त बांधकामाची मुभा) कोण देईल? त्या अर्ध्या तासात "आपल्या" हा शब्द किती वेळा आला असेल! देश हा शब्द एकदाही आला नाही, आणि ख्रिस्तही आला नाही. आम्ही क्रुसाच्या सावलीत बसलो होतो.

मला सांगायचं आहे ते इतकंच. माझी श्रद्धा मला पक्ष सांगत नाही, सांगूही नये. पण मतदानाच्या खोक्यापाशी कोणता प्रश्न घेऊन उभं राहायचं ते ती मला सांगते. तो प्रश्न "माझं काय होणार" हा नाही. देशावर माझं प्रेम आहे की नाही याचा पुरावाही मी त्या प्रश्नातच शोधते.

आधी देशप्रेमाबद्दल, कारण आमच्या समाजाला तो हिशेब मांडावाच लागतो. आमचं नावच बघा, ईस्ट इंडियन. १८८७ साली व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाची ५० वर्षं साजरी होत असताना आमच्या पूर्वजांनी हे नाव घेतलं. गोव्याहून, मंगळूरहून कामासाठी येणाऱ्या ख्रिस्ती लोकांहून आपण वेगळे, आपण कंपनी सरकारची जुनी रयत, हे गोऱ्या साहेबाला कळावं आणि नोकऱ्या आपल्या पोरांना मिळाव्यात, एवढाच हेतू. मी त्यांना दोष देत नाही, पोटाचा प्रश्न होता. पण शेतीभाती करणाऱ्या, मासे मारणाऱ्या, मराठी बोलणाऱ्या माणसांनी आपली ओळख राज्यकर्त्याच्या मर्जीवरून ठरवली, हे सत्य आहे, आणि "आपल्याला कोण बरा" या आजच्या प्रश्नाचं मूळ मला तिथे दिसतं.

त्याच समाजात, १८६४ साली, माझगावच्या माथारपाखाडीत जोसेफ बाप्टिस्टा जन्मले. केंब्रिजला शिकून आलेले बॅरिस्टर. सरकारच्या मर्जीत राहिले असते तर सगळं मिळालं असतं. ते लोकमान्य टिळकांबरोबर गेले. १९१६ साली बेळगावला होमरूल लीग स्थापन झाली, तिचे अध्यक्ष बाप्टिस्टा. पुढे कामगारांच्या चळवळीत उतरले, १९२५ साली मुंबई महापालिकेचे अध्यक्ष झाले. मुंबई त्यांना काका म्हणायची. माझगावच्या टेकडीवरच्या बागेला त्यांचं नाव आहे आणि शिवडीच्या दफनभूमीत त्यांची कबर. या माणसाने आपल्या समाजासाठी काय मागितलं, असा प्रश्न कोणी विचारला तर उत्तर सापडायला वेळ लागेल. त्यांनी स्वराज्य मागितलं, सगळ्यांसाठी. त्यात आमचं आपोआप आलं.

१५ ऑगस्टला आमच्या देवळात दोन सण असतात. मरियामातेला देवाने स्वर्गात घेतलं तो सण आणि स्वातंत्र्यदिन. सकाळी मिस्सा, म्हणजे देवळातली मुख्य उपासना, होते, मग सगळी मंडळी आवारात येतात, झेंडा वर जातो, राष्ट्रगीत होतं. लहानपणापासून मला या दोन गोष्टी वेगळ्या वाटल्याच नाहीत. त्यामुळे कोणी "तुमची निष्ठा रोमला की दिल्लीला" असं विचारलं की मला राग येण्याआधी आश्चर्य वाटतं. आणि १९८६ साली सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या तीन मुलांच्या बाजूने जो निकाल दिला तोही आठवतो. ती मुलं यहोवाचे साक्षीदार या पंथाची. राष्ट्रगीताला आदराने उभी राहायची, पण त्यांच्या श्रद्धेत बसत नाही म्हणून गायची नाहीत. शाळेने काढून टाकलं होतं. न्यायमूर्ती चिन्नप्पा रेड्डी यांनी त्यांना परत घ्यायला लावलं. मी स्वतः राष्ट्रगीत मोठ्याने गाते, मला त्या पंथाची भूमिका पटत नाही. तरीही तो निकाल वाचल्यावर हा देश मला जास्त आपला वाटला.

पण आमच्या देशप्रेमाचा सगळ्यात मोठा दाखला मतदानाशीच जोडलेला आहे, आणि तो आमच्याच पोरांना माहीत नाही. १९३५ च्या कायद्याने भारतीय ख्रिस्ती लोकांना स्वतंत्र मतदारसंघ दिले होते. ख्रिस्ती मतदाराने ख्रिस्ती उमेदवार निवडायचा, बाकीच्यांचा संबंध नाही. सुरक्षित व्यवस्था होती. पुढे संविधान सभेत प्रश्न आला की स्वतंत्र मतदारसंघ गेले तरी निदान राखीव जागा तरी ठेवायच्या का. संविधान सभेचे उपाध्यक्ष डॉ. हरेंद्र कुमार मुखर्जी बंगालचे ख्रिस्ती होते आणि अल्पसंख्याकांच्या उपसमितीचे अध्यक्षही. मद्रासकडून आलेले, जेझुइट या कॅथलिक संघाचे फादर जेरोम डिसोझा होते. त्यांनी आणि त्यांच्यासारख्यांनी तो हट्ट धरला नाही. मे १९४९ मध्ये धार्मिक अल्पसंख्याकांच्या राखीव जागांचा विचार सोडून दिला गेला. फाळणीचं रक्त अजून वाळलं नव्हतं. अशा वेळी लोकसंख्येत दोन-अडीच टक्के असलेल्या समाजाने म्हणायचं की आम्हांला वेगळी पेटी नको, आम्ही शेजाऱ्यांबरोबरच मत देऊ आणि शेजारीच आम्हांला निवडतील, हा केवढा विश्वास!

तो विश्वास या शहराने पाळलाही. १९६७ साली दक्षिण मुंबईत स. का. पाटलांसारखा बलाढ्य नेता पडला, आणि ज्याने पाडला तो मंगळूरच्या ख्रिस्ती घरात जन्मलेला, पाद्री व्हायला म्हणून सेमिनरीत गेलेला आणि तिथून बाहेर पडलेला जॉर्ज फर्नांडिस. त्याला निवडणाऱ्या गिरगाव-काळबादेवीच्या मतदारांनी त्याच्या बाप्तिस्म्याचा दाखला मागितला नाही. हॉटेलकामगारांचा, टॅक्सीवाल्यांचा माणूस म्हणून त्याला मतं पडली. जॉर्जच्या पुढच्या राजकारणाबद्दल माझी मतं कडू आहेत, पण १९६७ च्या त्या मतदारांपुढे मी आजही नतमस्तक आहे. त्यांनी १९४९ चा शब्द राखला. मग मी माझं मत "ख्रिस्ती मत" म्हणून कोणाच्या झोळीत टाकलं, तर तो शब्द मोडणारी मीच ठरते.

म्हणून फादरांनी वेदीवरून नाव सांगावं, ही अपेक्षा मला मान्य नाही. आमच्या कॅथलिक चर्चचा कायदाच पाद्र्यांना पक्षीय राजकारणात उतरू देत नाही, आणि दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ सालीच सांगितलं की चर्च कुठल्या राजकीय व्यवस्थेशी बांधलेलं नाही. देशाचा कायदा तर आणखी स्पष्ट आहे. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १२३ सगळ्यांनी एकदा वाचावं. अमुक उमेदवाराला मत दिलं नाही तर देवाचा कोप होईल असा धाक मतदाराला घालणं हा त्या कलमाप्रमाणे भ्रष्ट मार्ग आहे. धर्माच्या नावावर मत मागणंही तसंच. आणि त्याबद्दलचा सगळ्यात मोठा निकाल आमच्या शेजारच्या सांताक्रूझमधून निघाला. तिथल्या १९९० च्या विधानसभा निवडणुकीवरून सुरू झालेलं प्रकरण २ जानेवारी २०१७ ला सात न्यायमूर्तींच्या पीठासमोर संपलं. चार विरुद्ध तीन मतांनी ठरलं की उमेदवाराने स्वतःच्याच नव्हे, तर मतदाराच्या धर्माच्या नावानेही मत मागता कामा नये. तेव्हा "ख्रिश्चन बांधवांनी एकजुटीने" अशी जी चिठ्ठी निवडणुकीच्या आदल्या रविवारी मोबाइलवर फिरते, ती पुढे पाठवण्याआधी जरा थांबा. दुसऱ्या धर्माच्या लोकांनी तेच केलं की आपण हंबरडा फोडतो.

यावर आमच्यातले सज्जन लोक लगेच म्हणतात, बरोबर, देवळात राजकारण नकोच, कैसराचं कैसराला द्यावं आणि देवाचं देवाला. रोमच्या कैसराला, म्हणजे बादशहाला, कर द्यावा का या प्रश्नावरचं येशूचं हे वचन इतकं वापरून गुळगुळीत झालंय की त्यातला प्रश्न कोणाला ऐकू येत नाही. नाण्यावर कैसराचं चित्र होतं म्हणून नाणं कैसराचं. मग देवाचं चित्र कशावर आहे? पवित्र शास्त्राच्या पहिल्याच अध्यायात उत्तर आहे, माणसावर. माणसाचं काय होतं हे देवाच्या खात्यातलं प्रकरण आहे, आणि मतदान हे माणसांचं काय होणार ते ठरवण्याचंच काम आहे. श्रद्धा बाहेर चपलांजवळ काढून ठेवून बूथमध्ये शिरता येत नाही.

मग ती आत नेऊन तिचं करायचं काय? इथे मला नाबोथाची गोष्ट सांगायची आहे. राजांच्या पहिल्या पुस्तकातला २१ वा अध्याय. जमिनीवरून भांडणाऱ्या या शहरात ती फार कमी वेळा वाचली जाते.

इज्रेल गावी नाबोथ नावाच्या माणसाचा द्राक्षमळा होता, अहाब राजाच्या वाड्याला लागून. राजाला तो भाजीच्या मळ्यासाठी हवा होता. मोबदला चांगला देत होता, याहून चांगला मळा नाहीतर रोख रुपये. नाबोथ म्हणाला, माझ्या वाडवडिलांचं वतन मी देणार नाही. आमच्या मराठी पवित्र शास्त्रात इथे वतन हाच शब्द आहे, आणि मला तो फार अचूक वाटतो. हिंदी गाण्यांमुळे आता वतन म्हटलं की तिरंगा डोळ्यांपुढे येतो. मराठी माणसाला त्याचा जुना अर्थ ठाऊक आहे: बापजाद्यांकडून आलेला जमिनीचा, कामाचा, हक्काचा तुकडा. माझ्या आजीच्या पत्र्याच्या ट्रंकेत, लुगड्यांच्या खाली, आजोबांच्या नावाचा जुना सातबारा घडी करून ठेवलेला असायचा. भातखाचर कधीच गेलं होतं, एका सरकारी कामात. मोबदला किती मिळाला हे आजी सांगायची नाही. आगेऱ्याच्या सणाला देवळात आशीर्वादासाठी नवी भाताची कणसं न्यायची असतात. ती कणसं आजी बाहेरगावच्या नातेवाइकांकडून मागवायची, आणि त्या दिवशी सातबारा काढून एकदा बघायची. वतन म्हटलं की मला आधी तो पिवळा कागद आठवतो, मग झेंडा. आणि माझा अनुभव असा की ज्याला पहिला अर्थ कळला नाही त्याचा दुसरा पोकळ राहतो.

गोष्ट पुढे अशी. राजा रुसून, भिंतीकडे तोंड करून अंथरुणावर पडला, जेवेना. ईजबेल राणीने राजाच्या नावाने पत्रं लिहिली, राजाची मोहर लावली आणि ती इज्रेलच्या वडीलधाऱ्यांना पाठवली. उपास जाहीर करा, नाबोथाला लोकांसमोर बसवा, दोन नालायक माणसं उभी करा आणि त्यांना म्हणायला लावा की याने देवाला आणि राजाला शाप दिला. नीट वाचा, आरोप दोन आहेत. धर्मनिंदा आणि राजद्रोह. जमीन हवी होती, पण तसं कोण म्हणणार? आधी माणसाला देवद्रोही आणि देशद्रोही ठरवलं, मग गावाबाहेर नेऊन दगडांनी मारलं, मग राजा मळ्याचा ताबा घ्यायला गेला.

लहानपणी प्रवचनात ऐकायचे तेव्हा मला वाटायचं की ही दुष्ट राणीची गोष्ट. आता वाटतं, ही त्या वडीलधाऱ्यांची गोष्ट आहे. राणीने नुसतं पत्र लिहिलं. ज्यांनी उपास जाहीर केला, साक्षीदार शोधले, निकाल ऐकवला आणि दगड उचलले ते नाबोथाच्याच गावचे लोक. त्याचे शेजारी. त्यांना नाबोथ खोटा नाही हे माहीत होतं. पवित्र शास्त्र त्यांच्याबद्दल एकच वाक्य लिहितं, ईजबेलने कळवल्याप्रमाणे त्यांनी केलं. एकानेही पत्र परत पाठवलं नाही.

मतपत्रिका म्हणा, आता यंत्र म्हणा, माझ्यासाठी ते इज्रेलला आलेलं पत्र आहे. पाच वर्षांनी एकदा माझ्या दारात येतं आणि विचारतं, अमक्या माणसाचं आम्ही असं असं करणार आहोत, तुमची संमती आहे ना? राजेशाहीत त्या वडीलधाऱ्यांना जीव धोक्यात घालूनच नाही म्हणता आलं असतं. मला पुठ्ठ्याच्या आडोशामागे, कोणाला न कळता म्हणता येतं. इतकी सोय असून मी विचारलंच नाही की नाबोथ कोण आहे, तर माझं पाप त्यांच्याहून मोठं.

आणि नाबोथ दर वेळी आपला नसतो. फादर स्टॅन स्वामी आमच्या धर्माचे होते, तामिळनाडूतून झारखंडला जाऊन आदिवासींच्या जमिनींसाठी आयुष्य घालवलेले जेझुइट. ऑक्टोबर २०२० मध्ये त्यांना अटक झाली, तळोजाच्या तुरुंगात ठेवलं. कंपवाताने हात थरथरत, म्हणून पाणी प्यायला सिपर मिळावा यासाठी न्यायालयात अर्ज करावा लागला. ५ जुलै २०२१ ला, ८४ व्या वर्षी, इथे वांद्र्याच्या रुग्णालयात गेले, कच्चे कैदी म्हणून. आरोप खरे की खोटे ते न्यायालय ठरवणार होतं, ते ठरण्याआधीच. त्या रविवारी देवळाच्या पायऱ्यांवर एक चांगला शिकलेला माणूस हळहळत म्हणाला, "पण फादरांनी त्या आदिवासींच्या भानगडीत पडायचं कशाला?" मला त्याचं फार वाईट वाटलं, कारण तो मनापासून बोलत होता. त्याला इज्रेलची गोष्ट पाठ होती.

आम्ही स्वतः अहाब असतो तेव्हाचं काय? आमच्या गावठाणामागे नाला आहे, नाल्यापलीकडे झोपड्या. तिथून आमच्याकडे धुणंभांडी करायला बायका येतात. आमच्यातल्या कित्येकांनी आपल्या जुन्या घरांत दहा बाय दहाच्या खोल्या काढून उत्तरेकडच्या पोरांना भाड्याने दिल्या आहेत, एकेका खोलीत आठ-आठ जण. आणि उमेदवार जेव्हा सभेत म्हणतो की २००० सालानंतरचं एकही झोपडं ठेवणार नाही, तेव्हा पहिल्या टाळ्या आमच्या रांगेतून पडतात. भूमिपुत्र म्हणून आम्हांला आमच्या वतनाचं दुःख आहे, ते खरं आहे, मी आजीच्या ट्रंकेपाशी वाढले आहे. पण जमीन गेल्याचं दुःख ज्याला ठाऊक आहे त्यानेच दुसऱ्याच्या डोक्यावरचं छप्पर काढायला टाळ्या वाजवायच्या, याला कुठल्या शास्त्रात आधार आहे?

तसंच १९५० च्या राष्ट्रपती आदेशाचं. ज्या वर्षी प्रजासत्ताक झालो त्याच वर्षीच्या त्या आदेशाने अनुसूचित जातींची यादी ठरली आणि ख्रिस्ती झालेला दलित त्यातून बाहेर राहिला. १९५६ साली शिखांना त्यात घेतलं, १९९० साली बौद्धांना. ख्रिस्ती आणि मुसलमान दलित अजून बाहेर. नगर जिल्ह्यातून मुंबईत आलेली, सफाईकामात पिढ्या गेलेली कितीतरी मराठी ख्रिस्ती कुटुंबं या शहरात आहेत. कोणी म्हणेल धर्म बदलला म्हणजे जात गेली. कुठे गेली? आमच्याच देवळांत लग्न जमवताना ती कशी परत येते ते आम्हांला ठाऊक आहे. पण मतासाठी दारात आलेल्या उमेदवारापुढे आमच्या गावठाणाने हा प्रश्न काढल्याचं मला आठवत नाही. एफएसआयचा काढला.

आता खरी अडचण. माझ्या पुतण्याने मला रोखठोक विचारलं, "आत्या, तू दुसऱ्यांचं बघ म्हणतेस, पण घर आपलं जळतंय त्याचं काय?" त्याच्याकडे उदाहरणं होती. १९९९ साली ओडिशात मनोहरपूरला मिशनरी ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांची दोन लहान मुलं गाडीत जिवंत जाळली. २००८ साली ओडिशातच कंधमाळला ख्रिस्ती वस्त्यांवरचे हल्ले. २०२३ साली मणिपूर. अनेक राज्यांत धर्मांतराविरोधी कायदे आणि त्यांच्या नावाखाली प्रार्थनासभांवर चालून येणारे जमाव. भीती खोटी नाही, आणि घाबरलेल्या माणसाला त्याग शिकवणं मला जमत नाही. जो उमेदवार अशा जमावाला खतपाणी घालतो त्याला मत देऊ नकोस, हे मीही सांगेन, नुसतं पुतण्याला नाही, कोणालाही. स्वतःचा जीव वाचवण्यासाठी मत वापरणं हा स्वार्थ नव्हे.

पण माझं म्हणणं पुढचं आहे. भीतीने दिलेल्या मताला किंमत मिळत नाही. ज्या पक्षाला ठाऊक असतं की ही माणसं घाबरून आपल्याकडेच येणार, तो त्यांच्यासाठी काय करतो? ग्रॅनाइट लावतो. आणि दुसऱ्या पक्षाला ठाऊक असतं की ही काही झालं तरी येणार नाहीत, म्हणून तो ढुंकून बघत नाही. आपण २०११ च्या जनगणनेत राज्यात सुमारे १ टक्का. गठ्ठा करून करून केवढा होणार? उलट नाल्यापलीकडच्या बाईला पाणी नाही म्हणून मी उमेदवाराला अडवलं, तर उद्या माझ्या देवळावर दगड आला तेव्हा ती माझ्या बाजूने उभी राहण्याची शक्यता तरी आहे. बाप्टिस्टांनी हेच केलं होतं आणि १९४९ ला मुखर्जींनी याच भरवशावर राखीव जागा सोडल्या. पुतण्याला हे पूर्ण पटलं नाही. तो म्हणाला, शक्यता आहे, खात्री नाही. बरोबर आहे त्याचं. खात्री १९४९ लाही नव्हती.

यिर्मया संदेष्ट्याचं एक वचन या चर्चेत नेहमी येतं, ज्या नगरात तुम्हांला नेलं आहे त्याचं भलं चिंता, त्याच्या भल्यात तुमचं भलं आहे. निवडणुकीच्या काळात पाद्री ते आवडीने वाचतात. मला ते आमच्यासाठी लावलेलं आवडत नाही. ते बाबेलला पकडून नेलेल्या बंदिवानांना लिहिलेलं पत्र आहे. आम्हांला इथे कोणी पकडून आणलेलं नाही. अंधेरीतल्या सीप्झ या औद्योगिक वसाहतीच्या आत, कंपन्यांच्या मध्ये, १६ व्या शतकातल्या आमच्या देवळाच्या भिंती अजून उभ्या आहेत. १८४० च्या सुमाराला साथीमुळे गाव उठलं आणि ते ओस पडलं. आजही वर्षातून एकदा, मे महिन्यात, मरोळची माणसं तिथे जमून त्या भिंतींमध्ये मिस्सा करतात. आम्ही या शहराचे पाहुणे नाही आणि पाहुण्यांसारखं, यजमानाच्या मर्जीवर नजर ठेवून, मत देणंही आम्हांला शोभत नाही. एलीया संदेष्ट्याचं उदाहरण मला जास्त जवळचं वाटतं. त्याला अहाबाने इस्राएलचा छळ करणारा म्हटलं होतं, आजच्या भाषेत देशद्रोही. तोच एलीया नाबोथाच्या मळ्यात राजासमोर जाऊन उभा राहिला आणि विचारता झाला, खून केलास आणि वतनही घेतलंस? त्या दिवशी इस्राएलमध्ये त्याच्याइतका देशभक्त दुसरा कोण होता?

मतदानाच्या तीन दिवस आधी तो कार्यकर्ता परत आला, या वेळी उमेदवाराला घेऊन. रोझरी संपली होती. उमेदवाराने क्रुसाला हार घातला, फोटो झाला, ग्रॅनाइटचा विषय निघाला. शेजारच्या मावशी ७८ वर्षांच्या, गुडघ्यांनी अधू, खुर्चीतून उठल्या नाहीत. म्हणाल्या, "हा दगड बरा आहे आमचा, सव्वाशे वर्षं टिकलाय. माझ्याकडे काम करते ती पोरगी पहाटे चार वाजता हंडे घेऊन नळाच्या रांगेत असते, नाल्याच्या पलीकडे. तिथे लाइन कधी टाकणार ते सांगा." उमेदवाराने कार्यकर्त्याकडे पाहिलं. कार्यकर्त्याने हातातल्या यादीची पानं उलटली आणि हळूच म्हणाला, "मावशी, ती वस्ती या यादीत नाही. त्यांचं बूथ वेगळं आहे."

मावशींनी चण्याची पुडी त्याच्या हातात ठेवली. "मग ती यादी घेऊन या," म्हणाल्या, "मी बसलेय इथे."